यादीत नसलेला माणूस

गाव जिला मानानं दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचं त्या तोमासाला मोर्चे आवडत नसत. हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, कारण दोन हजार सहाच्या एक मेला अमेरिकेत आर्कान्सातल्या त्या कोंबड्यांच्या कारखान्याच्या गावात परदेशातून आलेल्या कामगारांचा जो मोर्चा निघाला, तो तिनंच काढला होता. पण एप्रिलात शेजारच्या गावचे लोक न विचारता मोर्चाला गेले आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच कायमचे घरी पाठवले गेले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पीत होती.

बावीस वर्षं कोंबड्यांच्या तंगड्या कापून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. तिचे स्वतःचे कागद पक्के होते, तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती. गावातल्या निम्म्या लोकांचं तसं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाच्या कागदांवर, दुसऱ्याच नावानं कामाला लागलेले. त्यांची भीती मात्र हिनं विनाकारण पदरात घेतलेली.

ती कारखान्याच्या साहेबाकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा तो कंटाळला आणि म्हणाला, रविवारी भरून काम करा, सोमवारी, एक मेला, सुट्टी घ्या. पण नावांची यादी सह्यांनिशी द्या. यादीत नाही तो गैरहजर, आणि गैरहजर तो कामावरून कमी.

चर्चच्या हॉलमध्ये तिनं सगळ्यांना नियम सांगितले. पांढरे सदरे घाला, पोरांना पुढे ठेवा, कुणाच्या हिरवळीवर पाय नको, रस्त्यावर कपटासुद्धा मागे राहता कामा नये. मागून कुणीतरी विचारलं, "दोन्या तोमासा, मोर्चा आहे की झाडलोट?"

"झाडलोटच. नोकऱ्या टिकल्या तर घोषणा पुढच्या वर्षीही देता येतील," ती म्हणाली. "एकाचीही नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द. आणि नीट ऐका, बिल्ल्यावरचं नाव लिहा. आईनं ठेवलेलं नाव घरी ठेवा."

लोक हसले, पण थोडेच.

यादीवर शेवटी सही केली निकानोर तेपोशनं. त्याच्या मुलीला, इत्सेलला, बाप्तिस्म्याच्या वेळी तोमासानं हातात धरलं होतं, म्हणून तो तोमासाला कोमाद्रे, म्हणजे मुलीची धर्ममाता, म्हणायचा. नऊ वर्षं तो कारखान्यात रॉबर्टो सालास होता. त्यानं सही केली तेव्हा इत्सेल जमिनीवर पालथी पडून मोर्चाचा फलक रंगवत होती. पाद्री हॉल बंद करायला किल्ल्या घेऊन दारात उभे होते. एरवी चारदा तपासणाऱ्या तोमासानं कागद न वाचताच घडी घालून पिशवीत टाकला.

मोर्चा दृष्ट लागण्यासारखा झाला. पोलीस बिचारे उभे राहून कंटाळले.

मंगळवारी तिला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलामागच्या बाईनं यादी पुढे सरकवली. सगळ्यांचं जुळतंय, ती म्हणाली, फक्त हा निकानोर तेपोश आमच्याकडे कामालाच नाही. आणि सालास यादीत नसताना काल आला नाही. मग तिनं चष्मा काढून विचारलं, "हा तेपोश कोण?"

तोमासानं दाराकडे पाहिलं. काचेच्या दाराबाहेर निकानोर उभा होता, पांढरा डगला घालून, जाळीची टोपी हातात घेऊन. दोघं एकच, असं म्हटलं तर त्याचे कागद निघणार, आणि एकाचे निघाले की उद्या सगळ्यांचे बिल्ले तपासले जाणार. नाही म्हटलं, तर सालास घरी जाणार. निकानोरनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणा.

"असा कुणी माणूस नाही," ती म्हणाली. "लिहिताना माझीच चूक झाली."

बाईनं त्या नावावर काट मारली. दार अर्धवट उघडं होतं. त्याला सगळं ऐकू गेलं.

अंगणात त्यानं बिल्ला मुकादमाच्या हातात दिला. तोमासा मागून धावत आली. तिला त्याला झोडपावंसं वाटत होतं आणि त्याचे पायही धरावेसे वाटत होते.

"सांगितलं होतं ना हो मी?"

"सांगितलं होतंत. पण पोरगी समोर बसली होती, कोमाद्रे. नऊ वर्षांत नाव विचारणारा तो पहिलाच कागद. दुसऱ्याचं लिहायला हात धजेना." मग तो म्हणाला, "तुम्ही बरोबर बोललात. मनाला लावून घेऊ नका."

शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शनिवारी ते तिघांचं कुटुंब गाव सोडून गेलं. कुठे, ते तिनं विचारलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर पाद्र्यांनी कारखान्यातून परत आलेली यादी हातात धरून सांगितलं की मोर्चा शांततेत पार पडला आणि दोन्या तोमासानं शब्द पाळला. या यादीतल्या एकाही माणसाची नोकरी गेली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तोमासा बाकावर बसून राहिली. तिच्या शेजारची तीन माणसांची जागा रिकामी होती.