सुभेदारांची सवलत

पाचगणीला खोली काय दरानं मिळेल असं कुणी विचारलं, की सुभेदार आधी उलट विचारत, "तुमी जानार कोन म्हून?" माणूस एकच असला तरी लॉजच्या दारात त्याचे दर दोन होतात, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. एक सरसकट सगळ्यांचा दर आणि एक हक्काचा. हक्काचा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्यांना डिस्चार्ज बुक दाखवून मिळणारा.

सत्तरच्या दशकात साताऱ्यात आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी माधवनगरची, लग्न होऊन नुकतीच आलेली, शाळेत शिकवणारी. त्यामुळे सुभेदार मला 'बाई' म्हणत आणि आमच्या ह्यांना 'सायेब'. त्यांची बायको, म्हणजे काकी, आटपाडीकडची. बोलणं थोडं, काम फार. सुभेदार बोलत त्यातलं निम्मं ती ऐकतच नसे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

सुभेदारांचा छंद जोडकार्डांचा. डोंगरावरच्या झाडून सगळ्या लॉजना ते जोडकार्ड पाठवत. अर्ध्यावर प्रश्न आणि उरलेलं अर्धं उत्तरासाठी. हंगामात किती, हंगामाआधी किती, बुक दाखवल्यावर किती, चहा त्यात धरलाय का. आलेली उत्तरं तारेत ओवून खुंटीला टांगलेली असत. गल्लीतलं कुणी चार दिवस हवापालटाला निघालं, की ती तार खाली यायची. एका निवृत्त हवालदाराला त्यांनी बजावून सांगितलं होतं, "आत्ता बुक काडूच नका. बुकावर रुपयाला चार आनं सूट हाय, आन हंगामाआधी समद्यास्नी सा आनं. पर दोन रात्री ऱ्हावं लागंल, त्यो रूल हाय." हवालदार खूश होऊन गेला.

"मग तुम्ही स्वतः कुठली घेणार?" मी एकदा विचारलं.

"मी बुकावरचीच घेनार. सा आनं कुनालाबी मिळत्यात. चार आनं मी पंचवीस वर्सं नोकरी करून मिळवल्यात."

पण ते कधी जातच नसत. मला खरा राग यायचा तो याचा. काकींना आयुष्यात एकच हौस होती आणि ती त्यांनी मला भाकरी थापता थापता सांगितली होती. "एक डाव पाचगनीला जायाचं. पलंगावर बसून दुसऱ्या कुनी केल्याला च्या प्यायाचा." पाचगणी काय लांब? वाईचा घाट चढला की आलीच. पण विषय निघाला की सुभेदार तार खाली काढत. हा दर बरा नाही, त्या लॉजचं उत्तर यायचंय, दिवाळीनंतर बघू. अशा किती दिवाळ्या गेल्या कोण जाणे. त्या साली काकींना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान हलवली, तेव्हा आमच्या ह्यांनी परस्पर दोन खोल्या ठरवल्या आणि एस.टी.ची चार तिकिटं काढली. सुभेदारांना नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

लॉजच्या गल्ल्यावर एक तरुण मॅनेजर होता. आम्ही हंगामाआधीचा सरसकट दर घेतला आणि मोकळे झालो. सुभेदारांनी मात्र बुक काढलं, पण ते हातातच धरून उभे राहिले. मॅनेजरनं रजिस्टरात लिहिण्यासाठी काकींना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "लक्ष्मीबाई." मग त्यानं बुक मागून घेतलं, एक पान उलटलं आणि तो अडखळला.

"यात पत्नीचं नाव हौसाबाई आहे. नाव जुळल्याशिवाय हा दर देता येत नाही. त्यापेक्षा सरसकट सवलत घ्या ना, ती जास्तच आहे."

खरं सांगते, माझ्या मनात नको ते आलं. सुभेदारांचं तोंड लालबुंद झालं होतं. काकी त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "हौसा?"

"लग्नाला धा दिसांची रजा," सुभेदार जमिनीकडं बघत बोलले. "तांदळात तुजं नवं नाव लिवलं, ते माज्या ध्येनातच ऱ्हायलं न्हाई. घरात तर अगं आन आवं. पलटनीत क्लार्कनं बायकोचं नाव इचारलं, तवा सोयरीक ठरताना ऐकल्यालं तेच सांगितलं. मागनं बदलायची लाज वाटली गं. आपल्या बायकोचं नाव ठावं न्हाई, असं कसं सांगू?"

म्हणजे एवढी वर्षं दर जुळत नव्हता म्हणून नव्हे, तर हे पान काकींसमोर उघडू नये म्हणून पाचगणी लांबली होती. मी किती चिडले होते या माणसावर! आता मलाच ओशाळल्यासारखं झालं.

काकींनी पदर तोंडाला लावला. "माजा बा मला हौसा म्हनायचा. बा गेला, तवापास्नं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. मला वाटलं, ते नावच गेलं. तुमच्या बुकात व्हतं व्हय?" मग त्या मॅनेजरकडं वळल्या. "भाऊ, ते लक्ष्मीबाई खोडा. हौसा लिवा."

त्यानं खोडलं. सुभेदारांनी शेजारच्या, अगदी तशाच खोलीचे आमच्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि छाती काढून किल्ली घेतली. सकाळी पोऱ्या चहा घेऊन आला, तेव्हा काकींनी मला मुद्दाम हाक मारून आपण पलंगावर बसल्याचं दाखवलं. संध्याकाळी टेबललँडवर वारा सुटला. सुभेदार परेडवर हुकूम सोडावा तसे ओरडले, "हौसा, शाल घे!" चार माणसं वळून बघायला लागली. काकी पोरीसारख्या लाजल्या.

पुढं आमची बदली सांगलीला झाली. दोनेक वर्षांनी काकी गेल्याचं कार्ड आलं. मी साताऱ्याला जाऊन आले. सुभेदार वाळून गेले होते. बोलता बोलता म्हणाले, बुकातलं नाव कमी करायला ते कचेरीत गेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर लक्ष्मीबाई आहे आणि बुकात हौसा. कारकून म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा अर्ज द्या, लगेच कमी करतो.

"मग, दिलात का अर्ज?"

उभ्या गल्लीला अर्ज आणि कार्डं लिहून देणाऱ्या या माणसानं बुक उघडून ते पान माझ्यापुढं धरलं.

"न्हाई दिला, बाई," ते म्हणाले. "लक्ष्मी गेली, ते समद्यास्नी ठावं हाय. हौसा अजून बुकात हाय. ऱ्हाऊ दे."