उन्हाचं दूध

कामावरच्या सुट्टीचा भोंगा वाजला की आमच्या मोठीबाईचं लुगडं छातीवर ओलं व्हायचं. भोंगा थांबायच्या आत पदर चिंब. मोठीबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. ती ठेकेदाराकडे रेजा होती, दिवसभर डोक्यावर गिट्टीची टोपली. आणि कॅम्पातल्या आमच्या टिनाच्या खोलीत तिचा चार महिन्यांचा गुणवंत. सोबतच्या बाया हसत, "मोठीबाई, तुहा नळ सुटला वं!" ती म्हणे, "भट्टीतून लोखंड निघायले टाइम हाय. माहा कारखाना तं कवाचाच चालू हाय!"

हौसेने कोण जातं गिट्टी वाहायला? भासरे, म्हणजे तिचा नवरा, बांधकामावरून पडले आणि कमरेतून गेले. दोन महिन्यांचं लेकरू ठेवून ती निघाली तेव्हा जेमतेम विशीतली होती.

लेकराचं दूध आटू द्यायचं नाही, हा तिचा एकच ध्यास. दुपारच्या सुट्टीत बाया भाकरी सोडत, तेव्हा ही सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन दूध पिळून काढायची आणि पळसाच्या बुडाशी सोडायची, कारण त्यावर कुणाचा पाय पडला तर पान्हा आटतो म्हणतात. एवढं चांगलं दूध झाडाला कशाला पाजतेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "विहीर उपसली नाई तं झरा बुजते, लहानी. अन् मले त्याच्यासाठी झरा ठेवा लागते."

पण घरी उंबऱ्यात सासूबाई बसलेल्या असत. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, लेकराला बाधतं, हा आमच्या भंडाऱ्याकडचा कायदा. "उनाचं दूध पाजू नोको वं! पयले पाय धू. पयलं दूध राखेत पिळून टाक. आंग थंड होऊ दे." मोठीबाई भिंतीला टेकून अंग थंड व्हायची वाट बघायची. टिनाच्या खोलीत, वैशाखात, काय थंड होणार? आत गुणवंत टाहो फोडत असायचा.

आता माझा पराक्रम ऐका. माझी शकू तेव्हा सहा महिन्यांची होती आणि मला दूध इतकं, की सासूबाई शेजारणींना माझं कौतुक सांगत. मी दुभत्या म्हशीच्या ऐटीत घरभर फिरायचे. मोठीबाई यायच्या वेळेला गुणवंत रडायला लागला की मी त्याला उचलायचे आणि घ्यायचे पदराखाली. पुण्य आयतं दारी आलेलं! ती अंग थंड करून आत येई तोवर हा गाढ झोपलेला.

एकदा ती म्हणाली, "अर्धा घंटा थांबली असती तं?"

"लेकरू रडून राहिलं होतं, बाई."

"रडू द्याचं होतं ना. तो रडते तवाच मले भरून येते. तू त्याचं पोट भरते अन् माहा झरा बुजवते."

मी शेजारणीला सांगून आले, मोठीबाईला माझं दूध बघवत नाही. इतकी मी शहाणी.

मग तिने हाळीव खाल्ले, शेपू खाल्ला, कुणी सांगितलेल्या मुळ्या उगाळून प्याली. रविवारी दिवसभर त्याला छातीशी घेऊन बसायची. पण सोमवार यायचाच. एका संध्याकाळी ती कामावरून आली ती कोरड्या लुगड्याने. पाय धुतले नाहीत. सासूबाई ओरडत असताना सरळ आत आली आणि गुणवंतला माझ्या हातातून घेऊन पाजायला बसली. त्याने दोनदा चोखून बघितलं, तोंड फिरवलं आणि रडत माझ्याकडे झेपावला.

तिने क्षणभर त्याला घट्ट धरलं. मग माझ्यापुढे केला. "घे वं. भुका हाय तो."

मी त्याला पाजत असताना ती समोर बसून आम्हा दोघांना सुपाने वारा घालत होती. त्यानंतर ती पोत्यांमागे गेली नाही. भाकरी मात्र सगळ्यांबरोबर खाऊ लागली, असं तिच्या सोबतिणी म्हणाल्या.

गुणवंत बोलायला लागला तो मला माय म्हणत. घरातले सगळे मोठीबाई म्हणत, म्हणून तोही तिला मोठीबाईच म्हणे. मी त्याला दटावायला गेले की तीच मला अडवी. "राहू दे. जे तोंडात बसलं ते बसलं."

पुढे तो कारखान्यातच लागला. भिलाईतच रिसालीला त्याने घर केलं, तिला जवळ ठेवलं, तिचं आजारपण मुलाने करावं तसं केलं. त्यात कसूर नाही. परवाच्या दिवाळीनंतर एका दुपारी तो दारात सायकल टाकून आत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "माय, मोठीबाई गेली."

मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला.