दुसऱ्याच्या कागदावर

माझ्या पदवीच्या कागदावर 'डिझाइन' हा शब्द नाही. 'सामान्य अभ्यासक्रम' अशा अर्थाचं काहीतरी आहे. आईनं गावाकडे त्या कागदाचा फोटो मोठा करून घेतला, फ्रेम करून देवघराच्या भिंतीवर लावला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे वर काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिचं बरोबर आहे. मला शिकायला मिळालं याबद्दल मी नवऱ्याची, त्या कॉलेजची, या देशाची ऋणी आहे, आणि हे तोंडदेखलं लिहीत नाही. पण डिझाइनच्या वर्गातली माझी जागा कशी गेली, हे आजवर कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगायला गेले की लोक म्हणतात, "जाऊ दे ना, डिग्री तर मिळाली." म्हणून एकदा लिहूनच काढते.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी शाळा झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी आमचे ड्रॉइंगचे सर शाळा सुटल्यावर करून घ्यायचे. सर डावखुरे होते आणि फार कमी बोलायचे. वर्गात फिरता फिरता कुणाच्या तरी पाठीमागे थांबायचे, जरा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "सरक." आपण बाकावर बाजूला सरकायचं. सर बसायचे, आपल्याच हातातली पेन्सिल घ्यायचे आणि आपल्याच कागदावर, चुकलेल्या रेषेच्या शेजारून, बरोबर रेष ओढायचे. तांब्याचं तोंड असेल, स्टुलाचा पाय असेल, चादरीची घडी असेल. मग पेन्सिल परत द्यायचे आणि पुढे जायचे. शिकवणं ते एवढंच. ज्याच्या कागदाला सरांचा हात लागला, तो पोरगा दिवसभर तो कागद सगळ्यांना दाखवत फिरायचा. ज्यांच्या मागे सर थांबायचेच नाहीत, ते काय ते समजून घ्यायचे.

सरांचं बघून बघून माझं शेडिंगही त्यांच्यासारखं झालं. उजव्या हातानं काढणाऱ्यांच्या तिरप्या रेषा सहसा डावीकडून खालून उजवीकडे वर चढतात. सरांच्या उलट्या असायच्या, डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या. मी उजव्या हातानं काढते, तरी माझ्या रेषा सरांसारख्याच उतरतात. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

बारावी झाली, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे आधी पुणं आणि मग अमेरिकेत, सिॲटलजवळचं बॉथेल. इथे पहिली काही वर्षं व्हिसाच्या अटींमुळे घरात गेली. एक दिवस नवराच म्हणाला, "कॉलेज कर ना, यार. बस जाते दारावरून." मी कला आणि डिझाइनच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं.

इथे अकरावी-बारावीची मुलं हायस्कूलमध्ये न बसता कम्युनिटी कॉलेजात येऊन विषय घेऊ शकतात. त्यामुळे आमच्या वर्गात बहुतेक सगळी सोळा-सतरा वर्षांची, आणि त्यांच्यात पस्तिशीला आलेली मी. पहिल्या दिवशी बाई आत आल्या तशी मी उठून उभी राहिले. एकटीच. मागून एक मुलगा इंग्रजीत म्हणाला, "राष्ट्रगीत आहे का आज?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, फार सभ्य बाई. एक मुलगी तेवढी हसायची थांबून दप्तरात काहीतरी शोधायला लागली. तिला मी ओळखत होते. आमच्याच भागातल्या मराठी कुटुंबातली, जन्म इथलाच. मंडळाच्या कार्यक्रमात मला मावशी म्हणायची. वर्गात तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपली निवडक चित्रं फोल्डरमध्ये लावून द्यायची आणि त्यावरून दुसऱ्या वर्षाच्या डिझाइनच्या वर्गासाठी मुलं निवडायची, अशी पद्धत होती. जागा मोजक्या. त्या वर्गातून बाहेर पडलेल्यांना इथल्या कंपन्यांत कामं मिळत होती. मला ती जागा हवी होती. गावात असताना मला कधी कपड्याची, दागिन्याची हाव सुटली नाही, पण त्या जागेची सुटली. रोज बसमधून उतरताना मी मनात म्हणायचे, मिळू दे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मुलीच्या आईनं मला कोपऱ्यात गाठलं. ताई पुण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. बोलणं एकदम मोकळं.

"अगं, तू हिच्याच वर्गात आहेस म्हणे! मग बघ ना जरा हिचं. कॅलक्युलस मी घेते, पण चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही."

"ताई, बघेन की."

"आणि बसनं काय जातेस थंडीत? ही ड्राइव्ह करते ना. सोडेल तुला."

नाही कसं म्हणणार? शिकलेल्या, इथे जुन्या झालेल्या, चार लोकांत मान असलेल्या बाईनं आपल्याला काही मागावं, याचंच मला अप्रूप वाटलं. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगी मला गाडीतून न्यायला लागली. कॉलेजच्या फाटकाच्या अलीकडच्या वळणावर गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायची, "मावशी, इज इट ओके इफ आय ड्रॉप यू हिअर?"

"हो गं, ओके ना. थँक यू," असं म्हणून मी उतरायचे आणि उरलेला रस्ता चालत जायचे.

शनिवारी त्यांच्या घरी बसायचं ठरलं. प्रशस्त स्वयंपाकघर, मधोमध दगडी ओटा, त्यावर तिनं पितळी किटली, पांढरा नॅपकिन आणि दोन लिंबं मांडलेली. मांडणी छान होती. चित्रात मात्र किटलीचं तोंड एका बाजूला घसरलं होतं, जणू किटली ओटा सोडून निघाली आहे. मी तिला लंबवर्तुळ समजावून सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं माझ्या इंग्रजीत. तिनं खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तसंच.

"आय डोंट गेट इट, मावशी." तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"सरक," मी म्हणाले.

ती सरकली. मी बसले आणि तिच्या कागदावर तोंड काढलं, वरची कड, आतली कड. मग ती बघतेच आहे म्हणून पोटाकडची सावलीही टाकून दाखवली.

"व्होआ," ती म्हणाली. "दॅट्स सो सॅटिस्फाइंग."

ताई चहा घेऊन आल्या. "बघ, बघ कसा हात चालतो मावशीचा! यूट्यूबवर शोधत बसतेस, इथे घरात आहे."

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की आज मी सरांसारखं शिकवलं. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. मग हे दर शनिवारी होत राहिलं. ती काढायची, अडायची, मी सरक म्हणायचे. पुढे पुढे मी म्हणायच्या आधीच ती खुर्ची मागे घ्यायची. हेही सांगितलं पाहिजे, की ती टक लावून बघायची. तिचा हात सुधारत होता.

फोल्डर दिले आणि काही दिवसांनी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, कौतुकाला बोलावलंय. मी नवीन कुर्ता घालून गेले.

टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. एक माझं, एक तिच्या किटलीचं. बाईंनी माझ्या चित्रातल्या सावलीवर बोट ठेवलं, मग तिच्या चित्रातल्या. दोन्हीकडे रेषा वरून खाली उतरणाऱ्या. मी उजव्या हाताची आणि तीही, मग दोघींच्या रेषा डावखुऱ्या माणसासारख्या कशा, असं त्या विचारत होत्या.

"आमचे सर डावखुरे होते," मी आनंदानं सांगितलं. इतक्या लांब कुणीतरी सरांचा हात ओळखला होता.

"म्हणजे हे तू काढलंस?"

"चित्र तिचं आहे. तोंड मी दुरुस्त केलं. आणि ही सावली. आता बरोबर आहे ना?"

बाईंनी दोन्ही चित्रं बाजूला ठेवली. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी किती चित्रांवर तुझा हात आहे?"

"जवळजवळ सगळ्याच," मी म्हणाले. मी हसत म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं. फोल्डरमधल्या कागदावर दुसऱ्या कुणाची रेष असणं म्हणजे फसवणूक, आणि ज्यानं रेष काढली तो त्यात सामील. नियम वर्षाच्या सुरुवातीलाच वाटले होते. मी ते शब्दकोश घेऊन वाचले होते. दुसऱ्याचं चोरू नये, नक्कल करू नये, हे मला कळलं होतं. दुसऱ्याला देऊ नये, असं त्यात मला दिसलं नव्हतं. मी सर, बाक, सरक हे सगळं सांगायला गेले, पण इंग्रजीत ते फार बारकं आणि विचित्र झालं. एक माणूस मुलांना उठवतो आणि त्यांची चित्रं स्वतः काढतो, एवढंच त्यातून निघालं.

"मी तिच्याशी बोलले आहे," बाई म्हणाल्या. "ती म्हणते, तिला तुला थांबवता आलं नाही. तुमच्या संस्कृतीत मोठ्या माणसांना नाही म्हणत नाहीत. खरं आहे का हे?"

मी काय सांगणार होते? ती दर शनिवारी खुर्ची आपणहून मागे घेत होती, हे? तिच्या आईनं मला गळ घातली होती, हे? खरं सांगायचं तर मोठ्यांना नाही म्हणता येत नाही, हे खरंच होतं. समोर बसलेल्या बाईंनाही मला नाही म्हणता आलं नाही.

"हो," मी म्हणाले.

ती लहान होती, तिच्यावर दबाव आला होता, म्हणून तिला माझा हात लागलेली चित्रं पुन्हा काढायला महिनाभराची मुदत मिळाली. माझा फोल्डर परत आला. डिझाइनच्या वर्गाला मला पुढेही अर्ज करता येणार नव्हता. कॉलेजातले बाकीचे विषय घ्यायला हरकत नव्हती. बाईंना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यांनी दार उघडून धरलं आणि मी त्यांना थँक यू म्हणाले. त्या थँक यूची मला आजही चीड येते. इतकी वर्षं आभार मानून मानून जीभ अशी वळलीय, की कुणी बाहेर काढलं तरी तेच निघतं.

बसनं परत येताना मी ठरवलं, ताईंना सांगायचं. ताई बाईंना एक फोन करतील, मीच हिला बघ म्हटलं होतं एवढं सांगतील, आणि निदान पुढच्या वर्षीचं दार तरी उघडं राहील. तशीच त्यांच्या घरी गेले. त्यांना सगळं माहीत होतं.

"अगं, पण तू हो कशाला म्हणालीस?" दार लावता लावताच त्या म्हणाल्या. "इतकं सरळ असतं का कुणी?"

"खरं होतं ना, ताई. आणि तुम्हीच म्हणाला होतात, हिचं बघ म्हणून."

"बघ म्हटलं होतं गं. काढ नव्हतं म्हटलं."

जिन्यावर पाऊल वाजलं आणि थांबलं. मुलगी वरच उभी होती. खाली आली नाही.

"तुम्ही बाईंशी एकदा बोलाल का?" मी विचारलं.

"मी काय बोलू? आणि ते तिच्यावर उलटलं म्हणजे? पोर सतरा वर्षांची आहे, घाबरली, बोलून गेली. तिचं अख्खं करिअर आहे पुढे. तुझं काय, तू आपली हौस म्हणून करतेस." मग आवाज मऊ करून, "चहा टाकू?"

मी चहा घेतला. तोही घेतला मी.

नवरा म्हणाला, "सोड, यार. दुसरं काहीतरी घे." मी दुसरं काहीतरी घेतलं. लेखन, आकडेमोड, पर्यावरण, जे वेळेला बसेल ते. त्यातूनच पुढे ती पदवी झाली आणि दुकानांच्या पाट्या छापणाऱ्या एका ठिकाणी नोकरीही लागली. दुसऱ्यांनी केलेली डिझाइन्स मापात बसवून मशीनला लावायची. काम वाईट नाही. लोक चांगले आहेत.

पण त्याआधी, पुढच्याच वसंतात कॉलेजनं निवडलेल्या मुलांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी तिथेच वर्गाला जात होते आणि वर्गाची वाट त्या हॉलमधूनच होती. तिची किटली दारासमोरच लावली होती. पुन्हा काढलेली. सगळी तिच्या एकटीच्या हातची, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. मी जवळ गेले. पितळेच्या पोटावरची सावली दाट होती, आणि सगळ्या रेषा वरून खाली उतरत होत्या. उजव्या हाताची मुलगी, आणि रेषा आमच्या सरांच्या.

बाई पाहुण्यांना चित्रं दाखवत होत्या. त्या किटलीपाशी आल्या. "या रेषांची दिशा बघा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "हे तिचं स्वतःचं आहे." मला बघून त्या क्षणभर थांबल्या, ओळखीचं हसल्या आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेल्या. ताई मागेच होत्या, जरीकाठी साडीत.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "या वेळी सगळं स्वतःचं स्वतः केलंन् हं."

मुलगी दोन मैत्रिणींबरोबर पलीकडे उभी होती. माझ्याकडे बघून तिनं हात अर्धा वर केला. तिला काहीतरी विचारायचं होतं, असं मला वाटलं. मी पुन्हा चित्राकडे बघितलं. तोंडाची आतली कड उजवीकडे अजून किंचित उतरलेली होती. एक रेष ओढली असती तर बसली असती.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, छान आलंय म्हणाले आणि वर्गाला गेले.