कडुलिंबाच्या पाल्यातला चहा

ओल्या मातीचा, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या लाकडी कपाटाचा, आणि पावसात भिजून कोपऱ्यात तसंच वाळलेल्या गोणपाटाचा, असा तिन्ही मिळून एक वास नाकासमोर आणा. आता मी सांगतो की हा चहाचा वास आहे. झालं! तुमचं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय. तुम्ही आलं किसून बसला होतात. वाफाळता कप, टपरीचा पत्रा, बशीतून भुरका मारणारे कुणीतरी प्रेमळ आजोबा, एवढी जय्यत तयारी करून तुम्ही आला असणार. माफ करा. या चहात आलं नाही, दूध नाही आणि प्रेमळ आजोबा तर अजिबात नाहीत. यात आहे तो सहा वर्षं मुरलेला वैताग. गरम आहे तोवर घ्या.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात स्टोअरकीपर. "माझ्या हाताखाली ठेवलेली वस्तू खराब होत नाही," हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटावा असं त्यांच्याकडे दुसरं काही नाहीही. ना जमीन, ना मान, ना माझ्यासारखा दिवटा सोडून दुसरा मुलगा. मी त्यांची नक्कल करतो तेव्हा हेच वाक्य घेतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट छताकडे, आणि 'होत नाही'वर मान अशी झटकायची की आमची किलवणी रोडची अख्खी कॉलनी हसून लोळते. नकला हा माझा जन्मजात रोग आहे. शेठची गुजराती-हिंदी खिचडी, शाळेतल्या कोकणातल्या बाईंचं नाकातलं व्याकरण, आईची हाक, सगळं माझ्या गळ्यात तयार असतं. एवढे आवाज एकाच गळ्यात राहायला आले की घरमालकाला जागा उरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मी नववीत असताना वाँगसाहेब आले. हाँगकाँगचे इंजिनीअर, नवीन मशीन बसवायला. चार महिने होते. त्यांना लागणारा प्रत्येक नट अण्णांकडून जायचा, म्हणून त्यांची अण्णांशी दोस्ती झाली. साहेबांना मराठी येत नाही, अण्णांना इंग्रजी येत नाही असं आम्ही घरात सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि मधे दुभाष्या कोण? अस्मादिक. शाळेत इंग्रजीत काठावर पास, पण रुबाब वकिलातीतला.

जायच्या आधी एका रविवारी साहेब आमच्या खोलीवर आले आणि पिशवीतून त्यांनी दोन चकत्या काढल्या. भाकरीएवढ्या, दाबून दगडासारख्या घट्ट केलेल्या, पातळ कागदात गुंडाळलेल्या. आईनं एक हातात घेतली, उलटी केली, हुंगली आणि मला हळूच विचारलं, "गोवरी आणली का रे यांनी?" पु-अर म्हणतात तो चहा. चीनमधल्या डोंगरात होतो. त्यातली एक चकती त्याच वर्षीची, कोवळी. दुसरी साहेबांच्या वडिलांनी ठेवलेली, वीस वर्षांपूर्वीची. साहेबांनी दोन्हींचे तुकडे सुरीच्या टोकानं अलगद सुटे केले, झाकणाच्या छोट्या वाटीत घातले, उकळतं पाणी ओतलं, आणि पहिलं पाणी चक्क फेकून दिलं! आईचा जीव कळवळला. चहाचं पहिलं पाणी मोरीत! मग आले भातुकलीतल्या वाट्यांएवढे कप. एक घोट, आणि संपला. पुन्हा ओता. पुन्हा एक घोट. तासभर हेच. आमच्याकडे तेवढ्या वेळात दोन लग्नं ठरतात.

पण कोवळा चहा! पिवळसर, स्वच्छ, आणि तोंडात गेल्या गेल्या असा कडू की जीभ आत ओढली जाते. मी थुंकायला उठणार तेवढ्यात घशाच्या तळाशी काहीतरी गोड उमटलं. आवळा खाऊन पाणी प्यायलं की येतं ना, तसंच, पण लांबून, सावकाश. आणि जुना? कोकमाच्या सारासारखा गडद, नितळ. त्यात कडूपणाचा मागमूस नव्हता. भाताच्या पेजेसारखा मऊ होऊन तो नुसता आत उतरला आणि मागे तो सुरुवातीचा वास ठेवून गेला, मातीचा आणि लाकडाचा. एकाच डोंगरावरची, एकाच पानाची दोन रूपं. मधे काय तर फक्त वर्षं. तारुण्याला एवढी घाई कसली असते, की आधी जिभेला झोंबायचं आणि गोडवा मागून सांगायचा? आणि म्हातारपण एवढं शांत का होतं, त्यानं सगळं सांगून टाकलेलं असतं म्हणून? नववीतल्या पोरानं असले प्रश्न विचारू नयेत. मी विचारलेही नाहीत. मी साहेबांची भुरका मारायची पद्धत तेवढी पाठ केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवली.

मग साहेबांनी कोवळ्या चहाच्या दोन नव्या चकत्या अण्णांच्या हातात ठेवल्या. या दोघींबरोबर एकाच दिवशी दाबलेल्या आणखी काही त्यांच्या घरी होत्या. म्हणाले, या तुमच्याकडे राहू द्या. मी परत येईन तेव्हा माझी आणि तुमची शेजारी शेजारी पिऊन बघू, कुणाच्या घरात कशी वाढली ते. अण्णांचा चेहरा असा झाला जणू कुणी दत्तक मूल मांडीवर दिलंय. त्यांनी विचारलं, ठेवायची कशी? साहेब हसले. "जस्ट कीप. डू नथिंग." मी इमानदारीत मराठी केलं: "नुसतं ठेवा म्हणतात. काही करू नका."

काही करू नका! माझ्या भाषांतरात एका अक्षराची चूक नव्हती, आणि तरीही ते वाक्य आमच्या घरात कुणाला कळणं शक्य नव्हतं. "काही करू नका म्हणजे?" साहेब गेल्यावर आई म्हणाली. "ठेवायचं म्हंजे काही करनंच पडतं. नाहीतर कीड लागती." आमच्या घरात गहू ठेवतात त्यालाही काही केलेलं असतं, लोणचं, गोधड्या, अगदी देवाच्या फोटोलाही काही केलेलं असतं. न केलेली अशी एकच वस्तू घरात आहे, ती म्हणजे मी. आणि त्याचा परिणाम समोर आहे.

तर आईनं चकत्या गव्हाच्या कोठीत घातल्या, खाली-वर कडुलिंबाचा पाला. आणि दर वैशाखात वाळवणाबरोबर त्या गच्चीवर. जुन्या लुगड्यावर एका बाजूला ज्वारीचे बिबडे, मधे कुरडया, पलीकडे लाल मिरच्या, आणि मिरच्यांना चिकटून वाँगसाहेबांचा चहा. राखणीला मी. पाय भाजताहेत, हातात काठी, डोळ्यांत मिरचीची धूळ, आणि मी हाँगकाँगच्या गोवरीवरून कावळे हाकलतोय! "आई, चहाला ऊन कशाला?" "गप. ओल लागल्याली असती." सहा वैशाख, सहा वेळा हेच संभाषण. आणि मी कंटाळून एका चकतीची कड कुरतडायचो, मित्रांना साहेबांच्या थाटात एकेक घोट पाजायचो. शेवटी तिची भाकर गेली, कोर उरली. दुसरीला मात्र हात लावला नाही, ती कागदातच राहिली. एवढं पुण्य माझ्या नावावर आहे.

आता ओल म्हणाल तर सिल्वासाचा पावसाळा ज्यानं घरात काढलाय त्यालाच ती कळते. चपलांवर पांढरी लव उगवते. काडी ओढली की गुलाचा लगदा निघतो. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर करड्या ढगांची अशी दाटी झाली की मराठीचे गुण झाकले गेले, आणि गणिताचे तेवढे लख्ख उरले. भिंती घाम गाळतात, दारं फुगून बसतात, पापड रडतो. चार महिने माणूस घरात राहत नाही, भिजल्या पंच्यात गुंडाळून ठेवल्यासारखा नुसता असतो. आणि पुढे मला कळलं, ऐका आता, डोकं धरून ऐका, की त्या चहाला म्हातारं व्हायला नेमकी हीच दमट हवा लागते! ज्या ओलीनं आमचं सगळं नासवलं, तिच्यातून जगात ज्याचं भलं व्हावं असा एकच पदार्थ आमच्या घरी पाहुणा आला होता, आणि त्यालाच आम्ही ओलीपासून जिवापाड जपलं. माणसं प्रेमानं जे जे करतात त्यातलं निम्मं तरी न करता राहिली असती, तर किती गोष्टी आपोआप पिकल्या असत्या!

सहा वर्षांनी साहेब आले. केस पांढरे, ही शेवटचीच फेरी, पुढे निवृत्ती. मी तोवर त्याच कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. अण्णांनी दिवाळीचा शर्ट घातला, संध्याकाळी पाचपासून दारात उभे राहिले, आणि कोठीतून चकत्या काढून स्वतः पाला झटकला.

तीन वाट्या मांडल्या गेल्या. यंदाचा कोवळा, साहेबांच्या घरचा सहा वर्षांचा, आणि आमचा. कोवळा पहिल्यासारखाच, उद्धट आणि मागून गोड. साहेबांच्या घरचा मधासारख्या रंगाचा झाला होता. कडूपणा होता, पण आता तो आवाज न चढवता बोलत होता. आणि आमचा! रंग फिका, वास कडुलिंबाचा, घोट कोरडा, आणि शेवटी घशात मिरचीचा ठसका. सहा वर्षांत तो वाढला नव्हता. दम धरून बसला होता.

साहेबांनी घोट घेतला. अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्याकडे बघतात तसे. साहेबांनी कप खाली ठेवला, दुसरी, कागदातली चकती हुंगली, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "नो सन. नो लीफ." मग सावकाश सांगितलं की ही पहिली गेली, पण दुसरी अजून वाचेल, पाला काढा, सावलीत, हवेवर ठेवा, आणि या खेपेला खरंच काही करू नका.

"काय म्हणतात?" अण्णा.

माझ्या गळ्यात इतके आवाज आहेत, त्यातला एकही वर येईना. मी अण्णांचा शर्ट बघितला. मग साहेबांसारखीच मान डोलावली आणि म्हणालो, "एकदम झकास म्हणतात. असंच चालू ठेवा."

अण्णा म्हणाले, "हं." आपला कप उचलला, पूर्ण प्यायले. ठसका आला तो रुमालात घेतला. साहेबांना फाटकापर्यंत सोडून आले, दार लावलं आणि चष्मा काढला.

"मशीनच्या पट्ट्यांची खोकी मी वीस वर्षं उचलतोय," ते म्हणाले. "एकेका खोक्यावर इंग्रजीत छापलेलं असतं, उन्हात ठेवू नका. 'सन' मला कळतं. आणि 'नो' कळायला शाळेत जावं लागत नाही."

मी हसून बघितलं. "अण्णा, मला वाटलं तुम्ही..."

"दात दाखवू नको. फिटरला खराब बेअरिंग गेलं तर तो काउंटरवर आपटतो, मला शिव्या घालतो, मी बदलून देतो. विषय संपला. त्याचा मला राग येत नाही. जो गुपचूप घेऊन जातो आणि मशीन जाम झाल्यावर सांगतो ना, त्याचा येतो. एक चकती आम्ही घालवली, अडाणीपणानं. दुसरी तू घालवायला निघाला होतास, सगळं समजून."

आतून आई कडाडली, "अन् मिरच्या मी घातल्या व्हत्या! माझं नाव सांगायचं नं. काय फाशी देनार व्हते का मला?"

"तुमचं तोंड बघवेना," मी पुटपुटलो.

"माझं तोंड बघून काय ठरवलंस? की याला खरं झेपायचं नाही?" अण्णांचा आवाज तिथे जरा हलला, आणि मग एकदम चढला. "मी एवढा लेचापेचा दिसतो तुला? सायकल काढ. साहेब सकाळी वापीला गाडी धरतील, आत्ता गेस्टहाउसवर जेवायला बसले असतील. जा, माफी माग, दुसरी चकती कशी ठेवायची ते नीट विचारून ये. आणि आल्यावर ते जे बोलले ते सांग. मला बरं वाटेल ते सांगू नकोस."