खिशातली चावी

ती घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. शिपाई म्हणून भरती झाले, परीक्षा देत देत फौजदार झाले. मेलेली माणसं काही कमी बघितली नव्हती. पण त्या वेळी मी हादरले ते मेलेल्याकडं बघून नाही.

पडेगावच्या पुढं एक दगडखाण होती. तिथं साखळ्यांवर चालणारा क्रशर आणला होता. म्हणजे दगड वर न्यायचा नाही, यंत्रच खाणीत उतरवायचं आणि दगड फुटेल तिथंच त्याची खडी करायची. दुपारी ठाण्यात फोन आला, ऑपरेटर क्रशरच्या जबड्यात सापडला. आम्ही पोहोचलो तर मुकादम छाती बडवत होता. "चालू मशीनवर चढला मॅडम, पाय घसरला. लई सांगितलं, ऐकलंच नाय!"

पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. चूक मयताचीच, असं कागदावर दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको वस्तू न्यायला आली. एकटीच. मी पाकीट उघडून पुढं ठेवलं. तंबाखूची पुडी, रुमाल आणि लाल दोरा बांधलेली एक चावी. तिनं चावी तेवढी उचलली.

"ही तर मशीनची."

"घराची नव्हे?"

"आमच्या घराला नुसती कडी हाये मॅडम. दगड अडकला की हे आधी मशीन बंद करायचे, चावी खिशात घालायचे, मगच आत उतरायचे. मग मशीन चालू कशी व्हती? लोक म्हणतात, पिऊन चढला. माझ्या पोरींनी जन्मभर हेच ऐकायचं का?"

मी फाईल ओढली. पंचनाम्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चावी एक'.

मुकादमाला बोलावलं, चहा दिला. दरडावलं की माणूस खोटं आणखी घट्ट धरतो, हा माझा अनुभव. चावी टेबलावर ठेवली आणि गप्प बसले. चहावर साय धरली.

"दुसरी हाये," तो शेवटी म्हणाला. "हा चावी घेऊन आत बसायचा आन् डंपरवाले मला शिव्या घालायचे. म्हणून करून घेतली. त्याला ठावं नव्हतं."

"तो आत आहे, हे तुला माहीत नव्हतं?"

"हाक मारली. आवाज नाय आला. वाटलं, आला आसंल बाहेर."

"वर जाऊन बघितलं नाहीस?"

"शिडी चढावी लागती, मॅडम."

बाई गं! शिडीच्या पाच पायऱ्या!

"चावी खिशात ठेवायला त्याला शिकवलं कोणी?"

त्यानं मान वर केली नाही. "म्याच."

दुसरी चावी त्याच्या कमरेच्या करदोड्याला निघाली. गुन्हा दाखल केला. मुकादम काही सराईत नव्हता. जीव वाचवणारी रीत त्यानंच घालून दिली आणि चार मिनिटं वाचवायला त्यानंच मोडली. आणि मी? लिहिलं, सही केली, पुढच्या कामाला लागले.

ती बाई पुन्हा आली. "त्या पंचनाम्यात काय लिवलंय, वाचून दाखवा."

"चावी एक, मयताच्या उजव्या खिशात."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. खरं तर पहिल्यांदाच.