पलूसचा बिनतारी कॉम्प्युटर

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. कबूल? मग घ्या चहा.

फजिती कुणाची होत नाही हो? पण लोकांची होते ती चारचौघांत. माझी झाली ती होणाऱ्या सासऱ्यासमोर! आणि सासरा कोण? फौजेतला सुभेदार. सगळी नोकरी वायरलेस सेटवर बसून काढलेला माणूस. त्याच्यासमोर मी, पलूसचा शहाणा, बिनतारी विद्या दाखवायला गेलो! आठवलं की अजून वाटतं, जमीन का नाही फाटली त्या दिवशी?

नव्वदीची शेवटची वर्षं. आमच्या घरात कॉम्प्युटर आला होता. मला क्लास काढायचा होता. खाली सोप्यात उसाच्या कामावरची माणसं मातीचे पाय घेऊन येणार, म्हणून तो ठेवला माडीवर. आबा रोज विचारायचे, "ह्यो दूध कवा देतो रं?" ते जाऊ दे.

साताऱ्याला मुलगी बघायला गेलो. वनिता तिचं नाव. पोह्यांची बशी पुढे आली आणि माझं काम तिथंच झालं! खोटं कशाला बोलू? परत येताना एसटीत मी आईला सांगून टाकलं, केलं तर हिच्याशीच, नाहीतर मला विचारूच नका.

पण घोळ तिथंच झाला होता. मी विचारलं, "छंद काय तुम्हाला?" ती म्हणाली, "रेडिओला पत्रं पाठवते. गाण्यांच्या फर्माईशी." गप्प बसावं की नाही माणसानं? मी म्हणालो, "रेडिओ आता कोण ऐकतं? माझ्या कॉम्प्युटरवर शंभर गाणी आहेत. माडीवर लावतो, खाली सोप्यातल्या स्टेरिओवर वाजतात."

कोपऱ्यातून सुभेदारांनी विचारलं, "वायर किती लांब वडलीया?"

"वायर काढून टाकतोय," मी म्हणालो. "बिनतारी करतोय!"

वनितानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. संपलो मी.

"करा की," सुभेदार म्हणाले. "घर बघाया येतो तवा दावा. मग पुढचं बोलू."

झालं! आता बिनतारी वाजलं तर वनिता, नाही वाजलं तर नारळ.

तोवर खरं काय होतं? माडीपासून सोप्यापर्यंत जिन्यातून एक लांबलचक वायर सोडलेली, आणि आई तिच्यावर टॉवेल वाळत घालायची. दोनदा वायर तुटली. कॉम्प्युटरच खाली आणू म्हटलं, तर आबा म्हणाले, "मग खताची पोती काय माडीवर न्यायची?" गाणी कॅसेटवर भरून लावली असती, पण ती बिनतारी कसली?

शेवटी पुण्याच्या मित्राला पत्र टाकलं. त्यानं एक लहान ट्रान्समीटर पाठवला, सुटा. घरी जोडायचा. सोबत माहितीचा कागद आणि जुन्या गाण्यांची एक सीडी. चार दिवस डाग देत बसलो. दोन बोटं भाजली, आईचा पाट जाळला, पण डबी तयार झाली. ती कॉम्प्युटरच्या पाठीमागं लावायची, वर गाणं सुरू करायचं, आणि खाली येऊन स्टेरिओमधल्या रेडिओचा काटा हळूहळू फिरवायचा. आपलं गाणं सापडलं की थांबायचं. इतकं सोपं!

एका दुपारी जेवण झाल्यावर वर गाणं लावलं, धावत खाली आलो, काटा फिरवला. खरखर, खरखर... आणि गाणं! दोन्ही स्पीकरमधून, असं स्वच्छ! आईशप्पथ, मी नाचलो हो सोप्यात. काटा कुणी हलवू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तू वर लावलेलं गाणं आणि खाली वाजणारं गाणं एकच होतं का? आता काय उत्तर देऊ? सीडीवर गाण्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. ती वाजायची पण उलटीसुलटी. आणि कॉम्प्युटरला भोक एकच. डबी लावायची तर त्याचे स्वतःचे स्पीकर काढावे लागायचे. वर मुकाट, खाली बोभाट. जुनं मराठी गाणं लागलं की मी म्हणायचो, माझंच!

मधेच एका बाईंचा आवाज यायचा, "ऐकू या पुढील गीत." मी म्हटलं, मित्रानं गाणी रेडिओवरून भरली असणार. फुकट्या आहेच तो.

एक दिवस आई म्हणाली, "मी वर केर काढायला गेले तर तुझा कॉम्प्युटर झोपलेला, आणि खाली गाणं चाललेलं."

"आई, पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद नसतो. तुला नाही कळायचं ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आले. "इलास, लय हुशार हाय रं तुजा कॉम्प्युटर! आज गुळाचा भाव सांगितला त्यानं."

"आबा, डुलकी लागली असेल तुम्हाला."

"डुलकी तुजी! भाव बराबर निगाला की!"

बोला आता! पुरावे घरी चालत येत होते आणि मी प्रत्येकाला दारातून हाकलत होतो. आबांनी गावभर केलं, आमच्या पोराचा कॉम्प्युटर गातोय, भाव सांगतोय. लोक बघायला यायला लागले.

आणि आला तो रविवार. सुभेदार आणि त्यांचे दोन पाहुणे साताऱ्याहून दुपारी जेवायलाच आले.

सकाळी आबा म्हणाले, "टेप लायटीवर लाव की. पिन हाय की हितं."

"छे! वायर दिसली की पाहुणे म्हणतील, गाणं ह्या वायरीतनंच येतंय. सोप्यात एक वायर दिसता कामा नये!" असं म्हणून मी बाजारात गेलो आणि आठ नवेकोरे मोठे सेल आणून स्टेरिओत घातले. लक्षात ठेवा हे आठ सेल. मला मेलो तरी विसरता येणार नाहीत.

जेवणं झाली. सुभेदार स्टेरिओभोवती एक फेरी मारून आले. मागून पुढून बघितलं. चिकटपट्टी बघितली.

"रेंज किती?"

"एसटी स्टँडपर्यंत जाईल आरामात!"

"हूं," सुभेदार म्हणाले.

मी माडीवर गेलो, सीडी लावली, जिन्यातून ओरडलो, "करा सुरू!" आबांनी बटण दाबलं. गाणं लागलं. "आलं रंऽऽ!" आबांची आरोळी आली. खालून 'वा वा' ऐकू आलं. मी कॉम्प्युटरसमोर बसून वनिताच्या नावाचा उखाणा जुळवत होतो, आणि—

लाईट गेली.

डोक्यावरचा पंखा थांबला. कॉम्प्युटरची घरघर थांबली. पडदा काळा. माझ्यासमोर मेलेला कॉम्प्युटर.

आणि खालून गाणं चालूच!

अहो, चालूच! दुसरं कडवं! त्या एका मिनिटात माझ्या डोक्यात काय काय उजेड पडला म्हणून सांगू! बाईंचा आवाज, गुळाचा भाव, झोपलेला कॉम्प्युटर, सगळं एकदम. माडीच्या खिडकीतून उडी मारावी का, असंही बघून घेतलं. खाली शेणाचा खड्डा होता.

तेवढ्यात आबांचा आवाज. "बघा सुभेदारसाब! लाईट गेली तरी आमचा कॉम्प्युटर थांबत न्हाई!"

मी जिना उतरलो. फाशी जाणारासुद्धा बरा चालत असेल. सुभेदार हाताची घडी घालून बसलेले. चेहरा दगड. गाणं संपलं आणि त्या बाई बोलल्या, "ह्या गीताची फर्माईश केली होती साताऱ्याहून कुमारी वनिता, त्यांची आई, मोती कुत्रा आणि वडील निवृत्त सुभेदार..." आणि पुढे सुभेदारांचं अख्खं नाव! आडनावासकट!



आबा उठून उभे राहिले. हात जोडले. "आवं सुभेदारसाब! पाव्हणा कोण आलाय ते बी वळखतोय की ह्यो!"

देवा! मी खांबाला धरून उभा. सुभेदार उठले, काट्यावरची चिकटपट्टी नखानं सोलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला, वर दावा."

माडीवर त्यांनी माझी डबी उघडली. आतले दोन बारीक सेल बघितले. बाहेर काढले, फिरवले, परत बसवले. "उलटं घातलं हुतं," एवढंच बोलले. म्हणजे माझा ट्रान्समीटर महिनाभरात एक सेकंदसुद्धा चालला नव्हता!

खाली येऊन चहा घेतला, आईला म्हणाले, "पुरणपोळी ब्येस झालती," आणि गेले. ना हो म्हणाले, ना नाही.

पुढचे आठ दिवस मी जेवलो कसा, विचारू नका. स्टेरिओवर आईनं टॉवेल टाकून ठेवला होता, मीच सांगितलं होतं तसं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. वनिता गेली. क्लास गेला, कारण ज्याला सेल घालता येत नाही त्याच्याकडे कॉम्प्युटर शिकायला कोण येणार? आबा तेवढे रोज विचारायचे, "गुळाचा भाव का बंद केलास रं?"

नवव्या दिवशी साताऱ्याचं कार्ड आलं. मुलगा पसंत.

मी ते तीनदा वाचलं. पत्ता आमचाच होता.

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला सासरी निघालो तेव्हा धीर करून वनिताला विचारलं, "तुझ्या वडिलांनी होकार दिला तरी कसा गं? एवढं सगळं बघून?"

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की एसटीतली माणसं मागं वळून बघायला लागली.

"घरी आल्यावर आई म्हणाली, फसवायला बघत होता तो पोरगा. तर बाबा म्हणाले, न्हाई! लबाड असता तर टेप लायटीवर लावला असता, लाईट गेल्यावर दोन्ही बंद झालं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. ह्या गड्यानं सेल घातलं. आठ! आन् ते बी नवं!"

"मग?"

"मग काय? म्हणाले, पोरगा लबाड न्हाई, नुसता येडा हाय. देऊन टाका पोरगी."