गार खाट

नवागामच्या पत्र्याच्या खोलीत मी आणि माझा खोलीतला सोबती, आम्हा दोघांत एकच गादी होती. तो दिवसपाळीला, मी रातपाळीला; तो उठला की त्याच जागी मी झोपायचो. सकाळी मी कापडाच्या लूमवरून यायचो, तेव्हा तो डबा घेऊन दारात उभा असायचा. शब्दागणिक थांबत, डोळे अर्धे मिटून तो मला एका गावातल्या सराईची, वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेची गोष्ट सांगायचा. गावाला नाव नव्हतं. दारावरचा कंदील वाटसरूला ओळखून आपणच पेटायचा. सराईचा मालक प्रत्येकाला म्हणायचा, “ये भाऊ, तुन्ही खाट गार शे.” म्हणजे तुझी खाट गार आहे; तिथल्या अंथरुणाला आधीच्या माणसाची ऊब कधीच नसायची.

“असं गाव असतं का कुठं?” मी चिडायचो. डोळ्यांवर झोप असायची.

“शे ना,” म्हणून तो निघायचा.

एकदा वीज गेली म्हणून मी लवकर परतलो. दार उघडंच होतं. त्यानं गादी उलटी केली होती आणि ओल्या रुमालानं तो तिला वारा घालत होता. मग रिकाम्या गादीकडे बघत हळूच म्हणाला, “ये भाऊ.”

मी आवाज न करता मागं फिरलो. नळापाशी बसून राहिलो. रोजच्या वेळेला आलो, तर तो डबा घेऊन दारात उभा.

“सराईत जागा शे का, भाऊ?” मीच विचारलं.